श्रोत्यांचे दप्तर

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले. त्यानंतर कित्येक दिवस वृत्तपत्रांतून त्यांच्या आवाजाचे गुणगान चालू होते आणि ते यथोचितच होते. परंतु त्या सगळ्या गुणगानात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले नाही. ज्या सामान्य माणसांनी आठवड्यामागून आठवडे पत्रे लिहून त्या कार्यक्रमाला मोठेपण दिले, त्यांचे आज काय उरले आहे? जे उरले आहे ते कोठे आहे? आणि ते राखण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नांची उत्तरे आपणांस अडचणीची वाटतील. जे उरले आहे ते आपल्याच माळ्यावर, आपल्याच पत्र्याच्या पेटीत आहे. आणि बदलीचा किंवा निवृत्तीचा हुकूम हाती पडताच ते रद्दीच्या तराजूत घालण्याचे काम आपण, म्हणजे परप्रांतात नोकरी करणारी सुशिक्षित मराठी माणसे, इमानेइतबारे करीत आहोत. हा आरोप आहे, आणि तो आरोप म्हणूनच वाचला जावा अशी विनंती आहे.

प्रथम वस्तू कोणत्या, ते स्पष्ट करू. रेडिओ सिलोनला ‘तुमचे केंद्र अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक मीटरवर असे ऐकू आले’ असा अहवाल पाठविला असता कोलंबोहून एक छापील पुष्टिपत्र येत असे, त्याला क्यू. एस. एल. कार्ड म्हणतात. गावोगावच्या श्रोता-संघांनी स्वतःच्या नावाची पोस्टकार्डे छापून घेतली होती, रबरी शिक्के करून घेतले होते, आणि हे संघ आपसांतही पत्रव्यवहार करीत. घरोघरी वह्या असत. त्यांत बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाले’त कोणते गीत कितव्या पायदानावर होते याची नोंद होई. रेडिओचा परवाना डाकघरातून काढावा लागे व दरवर्षी त्याची फी भरावी लागे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ती पद्धत बंद झाली, पण शिक्के मारलेली परवान्याची पुस्तके मागे राहिली. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी निघत. ते मुलांनी काचेच्या बाटल्यांत साठविले. मर्फी कंपनीच्या दिनदर्शिकेवरचे गुबगुबीत बाळ तर रेडिओ नसलेल्या घरांतही भिंतीवर होते. एवढीच ही संपत्ती. हिच्यात सोने नाही, रुपे नाही, थोरामोठ्यांची स्वाक्षरीही क्वचितच आहे.

या वस्तू निर्माण कशा झाल्या, हा इतिहास मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनाविभागासाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला. युद्ध संपल्यावर तो तेथील सरकारकडे आला, आणि त्याच्या बळावर रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग भारतभर ऐकू येऊ लागला. इकडे १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच, मराठी. चित्रपटसंगीत हे लोकांची अभिरुची बिघडविणारे आहे असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वाटा त्यांनी आखडता घेतला. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. आणि चिडलेल्या निर्मात्यांनी गीते वाजविण्याची परवानगी काढून घेतली. त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दिल्लीने दार लावले, तेव्हा कोलंबोने खिडकी उघडली.

केसकरांवर अन्याय करण्याचा हेतू नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ साली त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाले, आणि त्यामुळे अनेक गवयांना राजाश्रय गेल्यानंतर लोकाश्रय मिळाला. परंतु श्रोत्याला काय आवडावे हे मंत्रालयात ठरविता येते, हा त्यांचा समज श्रोत्यांनी पाच वर्षांत खोटा पाडला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदावर असतानाच, विविध भारती सुरू करावी लागली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातीही ऐकू येऊ लागल्या. म्हणजे ज्या गोष्टीचा विटाळ मानला होता, तीच पंधरा वर्षांनी सरकारी पाटावर येऊन बसली. हा बदल कोणी घडविला? कोणत्याही पक्षाने मोर्चा काढला नव्हता. तो घडविला तबकडी फिरवून दुसरे केंद्र लावणाऱ्या लाखो बोटांनी, आणि पोस्टकार्डांनी.

त्या पोस्टकार्डांची संख्या किती? गीतमालेच्या आरंभी सात गीते ऐकवून त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावावा, व बरोबर उत्तरास शंभर रुपये बक्षीस, अशी योजना होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात ती संख्या आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली, असे सयानी स्वतः सांगत. पुढे क्रमवारीची पद्धत आली. दुकानदारांचे तबकड्यांच्या विक्रीचे आकडे पुरेसे विश्वसनीय वाटेनात, तेव्हा श्रोता-संघांची मतेही जमेस धरली जाऊ लागली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, त्या देशातील लहान गावांचे लोक त्याच सुमारास आपल्या आवडीचेही मतदान करू लागले होते. आणि त्या मतदानाची कागदपत्रे म्हणजे ह्या वह्या, ही कार्डे व हे शिक्के.

आता छत्तीसगढाकडे वळू. कारण हा प्रश्न प्रस्तुत लेखकास भिलाईत राहूनच सुचला आहे. फर्माइशी गीतांच्या कार्यक्रमांमुळे बिहारातील (आता झारखंडातील) झुमरीतिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला माहीत झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु रेडिओच्या जुन्या श्रोत्यास विचारा. तो त्याच दमात भाटापारा हे नावही घेईल, आणि भाटापारा आपल्या रायपूरच्या पलीकडे, बिलासपूरच्या वाटेवर आहे. या प्रदेशातील श्रोते आजही एकत्र जमतात; २० ऑगस्ट हा दिवस ते श्रोता-दिन म्हणून साजरा करतात. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने डाक-तार खात्याच्या साहाय्याने मुंबईहून एक संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला व गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला, त्या घटनेचे स्मरण ते करतात. मुंबई-पुण्याच्या त्या क्षणाची आठवण आज महाराष्ट्राबाहेरची ही मंडळी ठेवतात. मुंबई-पुण्याची आपण माणसे ती कितपत ठेवतो, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

भिलाईची गोष्ट आणखी वेगळी. भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या चार वर्षांत माळरानावर एक नगर उभे राहिले आणि त्यात पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, मराठी अशी सर्व प्रांतांची माणसे शेजारी शेजारी येऊन पडली. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ पासून होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा सारा मुलूख नागपूरच्याच राजधानीखाली होता. परंतु रायपूरचे केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी उघडेपर्यंत या नव्या नगराला जवळचे असे केंद्र नव्हते. मग या शेजाऱ्यांना एकत्र ऐकता येईल असे काय होते? सेक्टरातल्या एका घराच्या खिडकीत ठेवलेला रेडिओ आणि त्यावर बुधवारी रात्री आठ वाजता लागणारे सिलोन. लोखंडाने नगर उभे केले हे खरे; त्या नगराच्या संध्याकाळी कशाने उभ्या केल्या, याचा पुरावा मात्र पोलादाच्या उत्पादनाच्या आकड्यांत सापडणार नाही. तो वह्यांत आहे.

या वह्यांचे होते काय? गेल्या वर्षी भिलाईच्या एका सेक्टरात, निवृत्तीनंतर बरीच वर्षे येथे राहून आता मुलाकडे पुण्यास निघालेल्या एका मराठी कुटुंबाच्या दारात कबाडी उभा होता. मुलांची जुनी गाइडे, पंखा, पलंगाचे लोखंड, आणि एका खोक्यात श्रोता-संघाच्या नावाची कोरी व लिहिलेली कार्डे, चार वह्या, कोलंबोहून आलेले लिफाफे. लिफाफ्यांवरची तिकिटे कोणीतरी पूर्वीच कात्रीने कापून घेतली होती. तिकिटाबरोबर डाकेचा शिक्का गेला, म्हणजे तारीखही गेली. खोके गाइडांच्याच भावाने तराजूत गेले. घरची मंडळी सुविद्य होती, दिवाणखान्यात ज्ञानेश्वरी होती, कपाटात दिवाळी अंक होते. अज्ञानाने हे झाले नाही. हे कागद ‘वाङ्मय’ नव्हेत आणि ‘इतिहास’ तर नव्हेतच, अशा दृढ समजुतीने झाले. त्या समजुतीशीच आपला झगडा आहे.

पहिला आक्षेप अभिरुचीवाल्यांचा. ‘दंतमंजनाच्या जाहिरातीला साहित्याच्या मासिकात जागा कशाला?’ असे ते म्हणतात. त्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते, की शिलालेखाचे मोल काय लेखनशैलीमुळे असते? गावाला दिलेल्या जमिनीची ती एक नोंद असते, आणि तरी आपण तिचा ठसा घेतो. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडून ज्या रुमालांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बाहेर काढीत होते, त्यांत हिशेब, याद्या, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या यांचाच भरणा होता. ज्यांच्या घरात ते रुमाल होते, त्यांना ती रद्दीच वाटत होती. डॉ. दिनकर केळकर यांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती जमविल्या. त्या वेळी अडकित्ता ही संग्रहालयात ठेवण्याची वस्तू आहे असे किती जणांना वाटत असेल? आज राजा केळकर संग्रहालय पाहिल्याशिवाय पाहुण्याचे पुणे पुरे होत नाही. अडकित्ता चालतो आणि बिनाकाचा प्लॅस्टिकचा हत्ती चालत नाही, हा भेद गुणाचा नाही. केवळ वयाचा आहे. शंभर वर्षे थांबल्यास तोही आपोआप आदरणीय होईल. अडचण एवढीच, की तोवर तो उरणार नाही.

दुसरा वर्ग याच्या अगदी उलट, आणि अधिक घातक. हे लोक जुन्या वस्तूंवर प्रेम करतात. त्या विकत घेतात, विकतात, चौकटीत बसवितात, आणि उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगतात. आता तर जुन्या दिसणाऱ्या नव्या वस्तूही बनविल्या जातात. गिऱ्हाइकाला भेद कळत नाही व विक्रेत्याला तो सांगण्याची गरज वाटत नाही. अशा प्रेमात वस्तू टिकते, पण तिचे बोलणे बंद होते. क्यू. एस. एल. कार्ड कोणत्या गावच्या, कोणत्या नोकरीतल्या माणसाला आले, त्याने कोणत्या रेडिओवर, कोणत्या ऋतूत, किती खरखरीतून ते केंद्र ऐकले, ही हकीकत विक्रेत्याच्या हाती पडताच कार्डापासून तुटते. उरते ते रंगीत चित्र. फायलीतून कागद वेगळा काढला व त्यावरील जावक क्रमांक पुसला, तर तो कागद कार्यालयाच्या काय उपयोगाचा, हे या मासिकाच्या वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: ‘सर्व गीते, सर्व याद्या आता इंटरनेटवर आहेत.’ गीते आहेत, हे मान्य. गीतमालेच्या वार्षिक याद्याही आहेत. परंतु प्रश्न गीतांचा नाहीच. ती ग्रामोफोन कंपन्यांच्या तबकड्यांवर मुळातच सुरक्षित होती. प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानाने कोलंबोस जाई. तो आकाशवाणीचा नव्हता. १९८९ साली तो विविध भारतीकडे आला, तोपर्यंत आपल्या सरकारी संग्रहात त्याने शिरण्याचे काही कारणच नव्हते. आणि श्रोत्यांनी आपसांत लिहिलेली पत्रे तर कोणत्याच संग्रहात शिरण्याचे कारण नव्हते. जे कधी कोठे जमाच झाले नाही, ते इंटरनेटवर येणार कोठून?

चौथा आक्षेप आपल्यातलाच आहे, म्हणून त्याचा समाचार अधिक आस्थेने घेतला पाहिजे. ‘हा हिंदीचा विषय, महाराष्ट्र मंडळाने, मराठी मासिकाने त्यात कशाला पडावे?’ ज्या गीतांनी पायदाने गाजविली त्यांतली किती लता मंगेशकर व आशा भोसले यांची, किती सी. रामचंद्र, वसंत देसाई आणि गोव्याचे एन. दत्ता यांनी बांधलेली, याची आठवण करून देणे सोपे आहे. परंतु तो वाद जिंकूनही मुद्दा हाती लागत नाही. मुद्दा निराळा आहे. परप्रांतात पडलेल्या मराठी कुटुंबाने फर्माइशीचे पत्र लिहिले, तेव्हा त्यात वडिलांचे, आईचे, मुलांचे, कधी शेजारच्या बंगाली बाईंचे व त्यांच्या मुलांचेही नाव घातले. कोलंबोहून ती नावे उच्चारली गेली, आणि नागपूर, अमरावती, इंदूर येथल्या नातलगांनी ती ऐकली. आपण येथे आहोत, बरे आहोत, आणि आपले शेजारी हे आहेत, असे त्या नावांच्या यादीत लिहिलेले होते. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास आपण लिहितो तो मंडळांच्या अध्यक्षांच्या नावांचा आणि गणेशोत्सवांच्या अहवालांचा. बायकांची व मुलांची नावे त्यात क्वचित येतात. शेजाऱ्यांची तर नाहीतच. फर्माइशीच्या कच्च्या खर्ड्यात ती आहेत. हा विषय मराठी नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

राहिला प्रश्न जबाबदारीचा. आपण कारकुनीत मुरलेली माणसे आहोत. कोणती फाइल किती वर्षे ठेवावयाची व कोणती नष्ट करावयाची, हे आपणांस तोंडपाठ असते. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. त्याखाली १८९२ पूर्वीचा कागद सहसा नष्टच करता येत नाही, आणि पुढचाही ठरलेल्या पद्धतीखेरीज नष्ट करता येत नाही. थोर पुरुषांचे खासगी कागद राष्ट्रीय अभिलेखागार स्वीकारते. परंतु भिलाईतल्या एका फोरमनची गीतमालेची वही ना सार्वजनिक अभिलेख आहे, ना थोर पुरुषाचा खासगी कागद. तिला कायद्यात जागा नाही. म्हणूनच ती आपल्याकडे येते. जेथे सरकारची हद्द संपते, तेथे मंडळाची हद्द सुरू होत नसेल, तर मंडळ काय केवळ हळदीकुंकवासाठी काढले आहे?

मागणी मोठी नाही. परप्रांतातील प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने आपल्या वाचनालयातील एक कपाट या कागदांना द्यावे. एक नोंदवही ठेवावी. तीत वस्तू काय, कोणी दिली, कोणाची होती, कोणत्या क्वार्टरात व कोणत्या साली वापरात होती, एवढ्या पाच रकान्यांची नोंद व्हावी. वृद्ध देणाऱ्यास समोर बसवून हकीकत विचारावी आणि ती त्याच दिवशी लिहून काढावी. वस्तू थांबेल, हकीकत थांबणार नाही. लिफाफ्यावरचे तिकीट कापू नये. पत्रांतले घराचे पत्ते छापू नयेत. लिहिणारे किंवा त्यांची मुले अजून हयात आहेत. वह्यांच्या छायाप्रती काढाव्या, पण छायाप्रत निघाली म्हणून मूळ वही फेकू नये. आणि या कामी स्थानिक हिंदी-छत्तीसगढी श्रोता-संघांशी हातमिळवणी करावी. त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा अधिक माहिती आहे व अधिक आस्थाही आहे, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. हे कागद पुण्यास पाठवू नयेत. पुण्यात ते सुरक्षित राहतील, नीट सूचीबद्धही होतील. परंतु तेथे ते ‘रेडिओविषयीची जुनी वस्तू’ होतील. भिलाईत ते भिलाईचे राहतील. येथील पोरे शाळेत या नगराचा इतिहास म्हणून झोतभट्टीची तारीख पाठ करतात. त्यांना आपल्या आजोबांची वही येथेच, सायकलवरून जाऊन पाहता आली पाहिजे. परप्रांतात तीस वर्षे राहून, तेथलेच अन्न खाऊन, निघताना सर्व काही उचलून ‘घरी’ नेण्याची किंवा फेकण्याची आपली जी सवय आहे, तिच्यात एक अपमान दडलेला आहे: जणू या गावात आपण राहिलोच नव्हतो, केवळ नेमणुकीवर होतो.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीने सिलोनवरची गीतमाला ऐकलेली नाही. १९९४ साली ती बंद पडली तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. तेव्हा हा लेख स्मृतींच्या हुरहुरीतून लिहिला आहे, असे कोणी म्हणू नये. ज्यांना हुरहूर आहे त्यांच्याच हातून या वस्तू जात आहेत, हेच तर दुःख आहे. आठवण त्यांच्यापाशी आहे म्हणून त्यांना कागदाची गरज भासत नाही. कागदाची गरज आम्हांस आहे, कारण आमच्यापाशी आठवण नाही. बदलीच्या सामानाला वजनाची मर्यादा असते, हे ठाऊक आहे; ज्याला नेता येत नाही त्याने येथेच ठेवावे, एवढेच मागणे आहे. पुढच्या वेळी कबाडी दारात उभा राहील, तेव्हा खोके तराजूत घालण्यापूर्वी वाचकांनी ते एकदा उघडून पाहावे. आत आपल्या आईचे नाव तिच्याच हस्ताक्षरात असण्याचा बराच संभव आहे.